नऊशे एक

आत शिरलं की आधी गंजाचा वास येतो,
मग पाकोळ्यांचा, मग रॉकेलचा.
रॉकेल संपून चाळीस वर्षं झाली,
वास हलायला तयार नाही.

तीनशे बारा पत्रे, ओतीव लोखंडाचे,
हॉलंडातल्या कुठल्याशा भट्टीतून निघालेले,
प्रत्येकाच्या पोटावर आकडा.
पेंढ्यात गुंडाळून आले लेंगाउ बेटावर, जिथे तेव्हा
अठ्ठावीस झोपड्या होत्या, गोड्या पाण्याची एक विहीर,
आणि ते आकडे वाचणारं कुणी नव्हतं.

मी खरवडतो, शेंदरी हात देतो, वर पांढरा.
माथ्यापासून पायथ्याशी येईतो
माथा पुन्हा तांबडा.
दिवा उन्हावर चालतो, आपला आपण लागतो,
मला विचारत नाही.

सातव्या फेऱ्यात, जिन्याच्या डाव्या अंगाला,
एकशे पाचच्या शेजारी आहे
नऊशे एक.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, माकाहिंदा, गेले तुझे डोळे.
मान वाकडी केली, आणखी वाकडी,
जवळजवळ गुडघ्यांत घातली तेव्हा कळलं:
एकशे सहा. उलटा.

आता, वर निमुळता होत जाणारा मनोरा.
उलटा पत्रा त्यात बसू नये.
बसवलाय. भोकं जुळेनात म्हणून
कानशीनं एकेक वाढवलेलं,
चार-पाच दिवसांचं काम.
चूक इतक्या कष्टानं कोण करतं?

दाएंग पासोलोंग होड्या बांधतो, बोलताना खिळे तोंडातच ठेवतो.
म्हणाला, सारिमान.
जावाहून साखळीत आणलेल्या साठांतला एक.
केदिरीकडे कारखान्याचा ऊस पेटवला होता त्यानं.
साठ आले. परतले सदतीस.
उरलेले विहिरीमागे आहेत, म्हणून तिथली केळी गोड.
(हे त्यानं हसत सांगितलं. मी तिथली केळी खात नाही.)
फान हेस्सेल साहेब तापानं फणफणत तंबूत पडलेले,
अहवालात मात्र लिहून गेले:
सर्व पत्रे क्रमवार बसले.

दिवा लागला त्याच आठवड्यात फर्मान आलं,
सूर्यास्तानंतर किनाऱ्यावर दुसरा जाळ नको.
जहाजं फसतात.
त्याआधी बायका पुळणीवर नारळाच्या झावळ्या पेटवत,
ज्याचा माणूस बाहेर, तिचा जाळ.
आता चुली दिवसाउजेडी विझू लागल्या.
मनोरा जहाजांना सांगायचा, लांब राहा.
होडीला ऐकायचं असतं, इकडे ये.
झोत डोक्यावरून बारा कोस निघून जायचा
आणि खाली खडकात माणसं नावं घेऊन हाका मारायची.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
इथे तो सही-शिक्क्यानिशी होता.

मग जपानी आले, दिवा काढून नेला.
साडेतीन वर्षं झावळ्या जळल्या.
पासोलोंग म्हणतो, त्या काळात लेंगाउची एक होडी फुटली नाही.
मी नोंदवही काढून पाहिली.
त्या वर्षांची पानंच नाहीत.

पश्चिमेचा वारा सुटला की त्या उलट्या पत्र्याच्या
कोपऱ्यातून पाणी येतं. खाली बिस्किटांचा डबा ठेवतो.
कोरड्या दिवसांत, चारच्या सुमारास,
त्याच फटीतून उन्हाची पाचर आत येते,
तीन पायऱ्या चढते, उतरते.

बंदर खात्याचं पत्र आलंय: फट बुजवावी, आकडा दुरुस्त करावा.
लांबीचा डबा उघडला. खाली कुणी हाक मारली म्हणून गेलो.
आलो तोवर वाळून दगड.

आकड्यांवर काळा रंग मात्र दरवर्षी फिरवतो,
एक, दोन, तीन,
एकशे चार, एकशे पाच,
नऊशे एक,
एकशे सात.